चौथं दार

“हलू नका! आक्का, अजिबात हलू नका!”

काचेला तोंड लावून असं ओरडणारी माणसं गाडीभोवती इतकी हलत होती, एकमेकांना ढकलत होती, टाचा उंचावत होती, की त्या सगळ्या रस्त्यात न हलणारी एकच बाई होती. मागच्या सीटवर बसलेली म्हातारी. डोळे मिटलेले, हात सीटवर दोन बाजूंना टेकलेले. आणि मांडीवर, नऊवारीच्या पदरात, ओटीच्या तांदळावर वेटोळं घालून बसलेला नाग.

तोवर नाग मी फक्त पंचमीला पाटावर काढलेला बघितला होता. पाटावरचा नाग आपल्याकडं बघत नाही. हा बघत होता.

माझ्या एका हातात हवेची पिशवी होती आणि काखेत लांब सळई होती.

“वैजू,” आमचे मास्तर मागून म्हणाले. मागून म्हणजे बरंच मागून, फोनमधून. “तुला म्हणत होतो ना, एक दिवस तुझ्या हातात गिऱ्हाइकाची गाडी देईन? घे. आज दिली.”

मास्तर म्हणजे माझा नवरा, मुकुंद लोहार. मिरजेत स्टँडच्या मागं आमचं किल्ल्यांचं दुकान. बंद झालेली गाडी काच न फोडता कशी उघडायची, याचा कोर्स ते पुण्याला जाऊन करून आले. येताना हत्यारांची एक निळी पेटी आणली आणि भाषणाची सवय आणली. शिकवायला शिष्य मिळेना, तेव्हा मी भाकरी थापत असताना पाठीमागं उभं राहून त्यांनी मलाच शिकवायला घेतलं.

“बंद गाडीचे तीन शत्रू,” ते म्हणायचे. “घाई, जोर आणि गाडीचा मालक.”

“भाकरी करपेल, बाजूला व्हा.”

“आणि पहिला नियम काय? हत्यार काढायच्या आधी?”

“चारही दारं ओढून बघायची.”

“का?”

“कारण निम्म्या वेळेला एक दार उघडंच असतं, आणि मालक बोंबलत असतो.”

पण खरं सांगते, शिकवायचे मात्र मन लावून. दाराच्या वरच्या कोपऱ्यात आधी प्लॅस्टिकची पाचर बसवायची. त्या फटीत हवेची चपटी पिशवी सरकवायची आणि डॉक्टर रक्तदाब बघताना दाबतो तसा रबरी फुगा दाबत राहायचं. पिशवी फुगते, दार चौकटीपासून बोटभर सुटतं. त्या फटीतून सळई आत घालायची आणि तिच्या आकड्यानं दाराच्या आतली कुलपाची खुंटी वर ओढायची. हे मला जमायचं. जमायची नाही ती पट्टी. काचेच्या रबरातून पोलादी पट्टी दाराच्या पोटात सोडायची, आत काही दिसत नाही, काय लागतंय ते बोटांनीच ओळखायचं. पट्टी घेतली की मी तासभर दाराचं पोट ढवळायची आणि मास्तर कपाळ धरून बसायचे.

हे सगळं आमच्या जुन्या व्हॅनवर. मी शिकून शिकून तिच्या खुंट्यांची डोकी उडवली होती. खाली दाबली की खुंटी दारात गडप, आतून चिमटीत धरायला काही उरायचं नाही. म्हणून आम्ही व्हॅनला कुलूपच लावायचो नाही. अख्ख्या मिरजेत उघडी राहणारी गाडी एकच, आणि ती कुलूपवाल्याची.

गिऱ्हाइकाच्या गाडीला मात्र मी हात लावायचा नाही, असा दंडक होता. “बाईमाणूस गाडीच्या दारात सळई घालताना दिसलं तर लोक काय म्हणतील?”

त्या दिवशी भर उन्हाळ्याच्या दुपारी फोन आला. “मास्तर, गाडी लॉक झालीय, किल्ली आत, सासूबाई आत. तासगाव रोडच्या रसवंतीपाशी. लवकर या, त्या उकडून निघतील.” मास्तरांनी पेटी उचलली, पेटी उचलायला मला उचललं, आणि आम्ही निघालो.

रसवंतीपुढं एक पांढरी गाडी. तिच्या मागच्या काचेवर लाल अक्षरांत ‘सर्पमित्र भगीरथ पाटोळे’. काचांना आधीच दहाबारा माणसं चिकटलेली, आणि शेजारी दहा खिशांचं जाकीट घातलेला एक माणूस डोकं धरून उभा. मास्तर ऐटीत गाडीपाशी गेले, टपावर हात ठेवला, “हां, बघू या,” म्हणत काचेतून आत वाकले. आणि तसेच वाकलेले, सरळ न होता, मागं मागं चालत माझ्यापर्यंत आले.

“तू तयार झालीस,” ते म्हणाले.

“कशाला?”

“आज तुझी परीक्षा. मी लांबून मार्गदर्शन करतो. फोन चालू ठेव.” आणि ते व्हॅनमध्ये जाऊन बसले. दार लावून घेतलं. काचा वर केल्या. तेवढ्यात मला आतलं दिसलं, ते सुरुवातीला सांगितलं ते.

“साप आहे!” मी भगीरथला म्हणाले. आवाज माझा नव्हता, कुठल्यातरी शेळीचा होता.

“नाग आहे, वहिनी. अस्सल. मीच पकडलाय सकाळी, कोंबड्यांच्या खुराड्यातनं.”

“मग आक्कांच्या मांडीवर कसा?”

तो घाम पुसायला लागला. “सासूबाईंना त्यांच्या गावी सोडायला निघालेलो. आमच्या आईनं ओटी भरली, आणि वाटेत नागाचा फोन आला.”

“नागाचा?”

“नाग निघाल्याचा. पकडला, बरणीत घातला, झाकणाला भोकं, वर फडकं. बरणी ठेवली मागच्या सीटवर.”

“आक्कांना सांगितलंत?”

“सांगितलं.”

“काय?”

तो रसवंतीच्या घाण्याकडं बघायला लागला. “लोणचं आहे म्हणून.”

“लोणचं!”

“बायकोनं शपथ घातलीय हो, आई गाडीत असताना साप घ्यायचा नाही म्हणून. मी म्हटलं, म्हातारीला कुठं कळतंय. एक गिलास रस पिऊन येतो म्हणून उतरलो. गाडीत साप असला की कुणी दार उघडू नये म्हणून खुंट्या दाबून जायची सवय, त्या नादात किल्ली राहिली आत. परत येतो तर गाडीभोवती माणसं गोळा, आत बरणीचं झाकण उघडं, आणि...” त्यानं काचेकडं बोट केलं. “वहिनी, त्यांना काही झालं तर बायको मला जिवंत ठेवणार नाही. आणि ती नागासारखी नाही, ती सांगून चावते.”

“काच फोडू या का?”

“नको, नको! हादरा बसला की तो डसलाच म्हणून समजा. आणि उन्हात ठेवूनही चालायचं नाही. पण एक सांगू? त्यांच्या बाजूचं दार मी लावलंच नव्हतं. तीन खुंट्या दाबलेल्या. चौथी नाही. देवाशप्पथ.”

फोनमधून मास्तर म्हणाले, “सगळी गिऱ्हाइकं हेच म्हणतात. पहिला नियम, वैजू!”

मी गाडीला फेरी मारली. पहिलं दार बंद. दुसरं बंद. तिसरं बंद. चौथं दार, ज्याला आक्का टेकून बसल्या होत्या, त्याच्या मुठीला हात लावायच्या आधी मी काचेतून खुंटी बघितली. खाली. हळूच ओढून बघितलं. बंद.

“बघा,” मी म्हणाले.

“पण मी नव्हतं लावलं,” भगीरथ पुटपुटला.

आक्कांच्या कपाळावरून घामाचा थेंब निघाला, नाकापाशी आला, तिथून ओठावर. त्यांनी तो पुसला नाही. आत भट्टी झालेली असणार. ही बाई किती वेळ अशी बसणार? चक्कर आली, मान लवंडली, हात जरा घसरला की झालंच. मला एकदम हुंदका आला, तो मी गिळला. नागाला हुंदका ऐकू जातो की नाही हे मला माहीत नव्हतं.

मी त्यातल्या त्यात लांबचं दार निवडलं, ड्रायव्हरचं. कोपऱ्यात पाचर लावली. पाचर तीनदा खाली पडली. तिसऱ्यांदा ती उचलून देणारा हात अनोळखी होता. वळून बघते तर माझ्यामागं दहाबारा माणसांचं अख्खं गाव झालेलं.

“नागोबा ओटीत बसलाय म्हणं!”

“कुठं, कुठं? सरक की जरा!”

“अगं बाई, खरंच की गं! भाऊ आलाय, भाऊ! बहिणीची ओटी बघाय आलाय.”

“पंचमी लांब हाय अजून.”

“भावाला काय पंचमीच लागती व्हय?”

बायकांनी हात जोडले. एकीनं उदबत्ती पेटवली आणि लावायला जागा न दिसल्यानं वायपरमध्ये खोचली. कुणीतरी बॉनेटवर हळदकुंकू टाकलं. पांढरी टोपी घातलेले एक आप्पा पुढं होते, त्यांच्या हातात नारळ होता.

भगीरथला गर्दी दिसली की राहवत नसे, हे मला तेव्हा कळलं. त्यानं हात वर केले. “मित्रांनो! नाग हा शेतकऱ्याचा मित्र आहे! नाग विनाकारण चावत नाही!”

“मग उगड की दार!”

“विनाकारण चावत नाही म्हटलं मी!”

मी पिशवी सरकवली. फुगा दाबला. फुस्. फुस्. दार कुरकुरलं आणि चौकटीपासून सुटायला लागलं. आणि तेव्हा माझ्या डोक्यात तो विचार आला, जो कोर्समध्ये कुणी शिकवत नाही. आजवर मी जी फट करत होते ती सळई आत जायला. पण फटीला काय कळतं, आत जायची कुठली आणि बाहेर यायची कुठली? बोटभर फट. नाग बोटाएवढ्या फटीतून येतो का? आणि फटीशी माझं तोंड.

“फुगा दाब, फुगा,” फोनमधून मास्तर. “घाबरायचं नाही.”

“तुम्ही काच खाली करून सांगा की.”

“व्हॅनमध्ये धूळ येते.”

सळई आत घातली. इकडं माझा हात हलत होता तो तिकडं सळईच्या टोकाला चौपट होत होता. आकडा काचेवर वाजायला लागला. टिक टिक टिक टिक. नागानं मान वळवली. सावकाश. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले, ते मला एकेक मोजता आले असते.

“वहिनी,” कानाशी कुणीतरी म्हणालं. बघते तर चहावाला, हातात दुधाचा पेला. “आता फट झालीच हाय तर एवढं दूध सोडता का आत?”

“साप दूध पीत नाही!” भगीरथ किंचाळला.

“तू पाजून बघितलंस का कधी?”

“अहो, त्याला पचत नाही!”

“मग नुसतं दाखवा त्याला,” मागून एक बाई म्हणाली. “नैवेद्य दाखवल्यावर कोण पितंय?”

मी पुन्हा आत बघितलं आणि दचकले. आक्कांनी डोळे उघडले होते. त्या नागाकडं बघत नव्हत्या, माझ्याकडं बघत होत्या. मग माझ्या खांद्यावरून मागं बघितलं. पुन्हा माझ्याकडं. पुन्हा मागं. बाकी शरीर दगडासारखं, फक्त बुबुळं. आणि मग सीटवर टेकलेल्या उजव्या हाताची चार बोटं हलली. अंगणात कोंबड्या हाकलतात ना, तशी. हुश्, हुश्.

मला वाटलं, मला सांगतायत, पोरी तू जा, तुझा जीव वाचव. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. इतकी मोठी बाई! मी मान हलवली, नाही आक्का, मी जाणार नाही. आक्कांनी डोळे मिटून घेतले. मला त्यात आशीर्वाद दिसला. आता आठवलं की वाटतं, तो वैताग होता.

सळई आणखी आत गेली. स्टेअरिंगच्या वरून, तिरकी, दाराच्या खुंटीकडं. आकडा खुंटीच्या डोक्याला लागला. निसटला. पुन्हा लागला. श्वास धरला...

“बोला, नागनाथाच्या नावानं चांगभलं!” आप्पांनी डरकाळी फोडली आणि नारळ गाडीच्या बंपरवर आपटला.

गाडी हादरली. मी हादरले. सळई सटकली आणि तिचं टोक थेट हॉर्नवर जाऊन बसलं.

प्यांऽऽऽऽऽ!

नाग उठला. नुसता उठला नाही, फणा काढून वीतभर, दोन वीत, आक्कांच्या हनुवटीपर्यंत उभा राहिला. मी इतक्या जवळून बघितलेली ती पहिली आणि शेवटची भीती. बाकी आयुष्यात जे काही वाटलं ते तिच्या मानानं नुसती काळजी म्हणायची.

“चवताळला! चवताळला! पळा!”

हात जोडलेली माणसं हात सोडायला विसरून तशीच पळाली. दुधाचा पेला माझ्या डोक्यावर आला. आप्पांची टोपी रसाच्या पातेल्यात गेली. शेतकऱ्याच्या मित्राचा मित्र भगीरथ चिपाडाच्या ढिगात डोक्यापर्यंत शिरला, फक्त जाकिटाचे खिसे दिसत होते. भाऊ आला म्हणणारी बाई सगळ्यांच्या पुढं होती.

मी पळाले नाही. धैर्य वगैरे काही नाही. पळायला निघाले तर गळ्याला हिसका बसला. दचकण्यात पाचर उडाली होती, फुग्याची कळ हातातून सुटून पिशवीतली हवा गेली होती, आणि दार सळईवर चेपून पुन्हा चौकटीला बसलं होतं. त्या फटीत माझं मंगळसूत्र. मी गाल काचेला चिकटवून उभी, डोक्यावरून दूध ओघळतंय, आणि काचेपलीकडं फणा.

“मास्तर!” मी ओरडले.

“ऐकतोय,” फोन जमिनीवरून म्हणाला.

“मंगळसूत्र अडकलंय!”

फोनमधून व्हॅनची सीट करकरली. मग, “अगदीच गरज पडली तर तोडून टाक. मी काही मनावर घेणार नाही.”

सळई हॉर्नवरून घसरली. हॉर्न थांबला. आणि एकाएकी सगळीकडं शांत झालं. रस्त्यावर कुणी नाही. ओरडा नाही. चिपाडं सुद्धा वाजेनात. उदबत्तीचा धूर सरळ वर जात होता. मी श्वास घेत नव्हते. फणा डोलला, थांबला, जरा खाली आला. आणखी खाली. पुन्हा तांदळावर.

टक्.

बारीकसा आवाज. मी बुबुळं फिरवली. चौथ्या दाराची खुंटी वर होती, आणि तिच्यावर आक्कांचं बोट होतं.

माझ्या डोळ्यांसमोर त्या बाईनं दाराची मूठ ओढली. अगदी सावकाश, दूध उतू जाऊ नये म्हणून गॅस बारीक करतात तशी. दार वीतभर उघडलं, मग हातभर. एक पाय बाहेर. पदराची दोन टोकं दोन हातांत धरली, पदर दाराकडं जरा कलता केला आणि एवढंच म्हणाल्या, “जा बाबा. तुलाबी उकडलं आसंल.”

तांदूळ सुळ्ळकन रस्त्यावर ओघळले. सुपारी गेली, ओटीचा नारळ गडगडत गेला, आणि त्यांच्यामागून, कुणाला दुखवायचं नाही अशा बेतानं, नाग उतरला. उन्हात थांबला. सावली शोधली. जवळात जवळ सावली आमच्या व्हॅनखाली होती.

तो निघाला तसे व्हॅनमधून आवाज आले. टक्, टक्, टक्, टक्. मास्तरांनी चारही खुंट्या दाबल्या.

आक्का उठल्या. नऊवारी झटकली. पुढच्या सीटवर वाकून आतून ड्रायव्हरच्या दाराची खुंटी वर केली आणि दार ढकललं. माझं मंगळसूत्र सुटलं. मी मटकन रस्त्यावर बसले. सोडवायला आले होते मी, सोडवलं त्यांनी.

“आक्का,” मला धड बोलता येईना, “खुंटी तुमच्या हाताशीच होती?”

“व्हय.”

“मग उघडलं का नाहीत?”

“अगं, दाबली हुतीच मी.”

“तुम्ही?”

“मग कुणी? ह्यो मांडीवर येऊन बसला तवा गप हुता. तांदूळ गार लागलं आसंल त्याला. मीबी गप हुते. आमचं दोगांचं बरं चाललं हुतं. दार उगडंच हुतं, म्हटलं त्याचं मन भरंल, हळूच उतरंल. तेवढ्यात ह्यो टोपीवाला आला धावत. एका हातानं दार वडतोय, दुसऱ्या हातात नारळ, आन त्याच्या मागं सगळी जत्रा. दार उगडून ही समदी अंगावर पडली आसती, तर त्यानं मला सोडलं आसतं व्हय? दाबली खुंटी.” त्यांनी पदरानं माझ्या केसातलं दूध पुसलं. “आत एकच नाग हुता, पोरी. बाहीर किती हुतं, बघ की.”

“म्हणजे ते बोटांनी तुम्ही...”

“ह्यांना हाकल म्हणत हुते. तू आपली सळई घालत बसलीस.”

चिपाडाच्या ढिगातून भगीरथ बाहेर आला. केसात चिपाडं, हात जोडलेले. आक्कांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“मी म्हटलं जरा फोड चाखावी,” त्या म्हणाल्या. “जावईबापू, तुमचं लोणचं लई तिखाट हाय.”

“आई, हिला सांगू नका...”

“मी कशाला सांगू? ती बरणी मी तिलाच नेऊन देनार हाय. तिनंच इचारावं, ह्यात काय हुतं म्हणून.”

नाग व्हॅनखालून निघून पलीकडच्या द्राक्षबागेत गेला, हे आम्ही सगळ्यांनी बघितलं. मास्तर सोडून.

मी व्हॅनपाशी गेले. मास्तर आत बसलेले, दोन्ही पाय सीटवर घेतलेले, तोंड बिटासारखं लाल. काचेवर टकटक केलं. “गेला तो. उघडा.”

त्यांनी खुंटीच्या भोकात बोट घातलं. खुंटी दारात गडप झालेली. त्यांना तेव्हा आठवलं. माझ्याकडं असं बघितलं, जणू ती डोकी मी मुद्दाम याच दिवसासाठी उडवून ठेवली होती.

“काच खाली करा.”

त्यांनी मान हलवली. नाही.

“अहो, गेला तो बागेत!”

“जोडीचा असतो,” आतून बारीक आवाज आला.

“भगीरथदादा, सांगा यांना.”

“मास्तर, जोडीबिडी काही नसते! ही अंधश्रद्धा आहे!” भगीरथ ओरडला. मग हळूच वाकून व्हॅनखाली बघून घेतलं.

“बरं, किल्ली तरी द्या.”

“कशातनं देऊ? काच उघडावी लागेल!”

“मग पाचर लावते. फट करते.”

“फट नको! वैजू, शप्पथ आहे, फट करायची नाही!” काचेच्या आत माझा गुरू, ज्यानं मला फट करायला शिकवलं, दोन्ही हातांनी दाराची चौकट धरून बसला. आत पंखा नाही. त्यांचे ओठ सुकलेले मला दिसत होते. दुपार टळलेली नव्हती. ते हसण्यावारी न्यायचं प्रकरण नाही हे माझ्या एकदम लक्षात आलं. आक्का उकडून मरतील ही भीती मला मघाशी वाटली होती. आता तीच, पण कुंकवाची.

फट करायची नाही म्हणजे राहिली पट्टी.

पेटीतून पट्टी काढली. आणि माझ्यामागं पुन्हा कुजबुज सुरू झाली. पळालेलं गाव परत आलं होतं. आप्पा आपल्या नारळाचं खोबरं खात होते.

“आता हेच्या मांडीवर हाय व्हय?”

“नवरा हाय तिचा.”

“मग काच फोडा की, नवऱ्याला काय हुतंय?”

“दगड देऊ का, वहिनी?”

आक्का रसवंतीच्या बाकावर बसून रस पीत होत्या. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी पेल्यावरून नजर न काढता चार बोटं हलवली. हुश्, हुश्.

मी वळले. पट्टी हातात होतीच, ती वर झाली. “मागं व्हा! रस्त्याच्या पलीकडं! एक माणूस इकडं दिसला तर नाग मी स्वतः आणून सोडेन!”

गेले. आप्पासुद्धा गेले. माझा आवाज इतका मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. मास्तरांना पण नव्हतं, असं त्यांच्या तोंडावरून वाटलं.

शांत झालं. पट्टी रबरातून खाली सोडली. महिनोन्महिने जे माझ्या बोटांना कळलं नव्हतं ते त्या शांततेत कळलं. इथं काचेची कड. इथं पोकळ. इथं काहीतरी हलतंय, बारीक सळईसारखं. अडकलं. वर.

टक्.

दार उघडलं. खऱ्या गरजेला मी उघडलेली पहिली गाडी आमचीच निघाली, आणि आत माझा नवरा होता.

मास्तर उतरले. आधी डावा पाय, मग व्हॅनखाली नजर, मग उजवा. दोन गिलास रस पाणी प्यावं तसा प्यायले. शर्ट नीट केला. लोक बघत होते. घसा खाकरला.

“पट्टी,” ते म्हणाले, “जरा तिरपी धरली होतीस.”

त्याला आता बरीच वर्षं झाली. बाहेरची कामं मीच करते, मास्तर दुकानात किल्ल्या घासतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला कोर्सची माहिती देतात. बंद गाड्यांचे फोन अजून येतात. सांगलीपासून जतपर्यंत कुठं कुठं जाऊन आले. आत कधी तान्हं पोर असतं, कधी नवऱ्याशी भांडून बसलेली बाई असते, कधी प्यायलेला मालक असतो.

पेटी मी नंतर उघडते. आधी माणसं लांब हाकलते, रस्त्याच्या पलीकडं. मग काचेपाशी एकटी जाते, वाकते आणि आत जो कुणी असेल त्याला हळूच विचारते, “गेली सगळी. आता उघडता का?”

निम्म्या वेळेला खुंटी आतूनच वर येते. मास्तरांना हे मान्य नाही. कोर्समध्ये नव्हतं म्हणतात.